हॅरिएटबाई, शेपटासकट हत्ती बाहेर काढलात त्याबद्दल

आदरणीय हॅरिएट मॅकडूगलबाई यांस,
सादर नमस्कार.

पत्र मराठीत आहे. तुम्हाला ते वाचता येणार नाही, पण ज्यांच्या वतीनं लिहिलंय त्यांना येईल.

'व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी कल्पनारम्य कादंबरीमालिकेचा पहिला खंड जानेवारी १९९० मध्ये आला आणि चौदावा, 'अ मेमरी ऑफ लाइट', ८ जानेवारी २०१३ रोजी. मधल्या तेवीस वर्षांत रॉबर्ट जॉर्डन यांनी अकरा खंड आणि 'न्यू स्प्रिंग' ही पूर्वकथा लिहिली आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. उरलेले तीन खंड ब्रॅंडन सॅंडरसन यांनी पुरे केले. या दोघांचे आभार सगळेच मानतात. हे पत्र त्या दोघांच्या मधे बसलेल्या संपादकाला आहे. तुम्ही जॉर्डन यांच्या पत्नी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. लग्नाच्या आधीपासून तुम्ही त्यांच्या संपादक होतात आणि या मालिकेतल्या प्रकरणांची नावं व मलपृष्ठावरचा मजकूर तुमच्या हातचा आहे, हे फार थोड्यांना.

(ज्यांनी चौदावा खंड वाचलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं फोडलेलं आहे.)

आभार कशाचे ते नीट कळायला आधी दुखणं काय होतं ते सांगायला हवं. मोठ्या मालिका सातव्या-आठव्या खंडापाशी रुततात, आणि त्याचं कारण लेखकाचा आळस हे क्वचितच असतं. खरं कारण हिशेबाचं आहे. पहिल्या खंडात बहुतेक गोष्ट एकट्या रँडच्या, म्हणजे नायकाच्या, डोळ्यांनी दिसते. मग मॅट, पेरिन, एग्वेन, नायनीव्ह, एलेन असे एकेक डोळे वाढत जातात. प्रत्येकाला खंडात निदान चार प्रकरणं द्यायची म्हटली की कथेचा काळ पुढे सरकतच नाही. खंड जाड होतो आणि दिवस तेवढेच राहतात. दहाव्या खंडाचं, २००३ च्या 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'चं, नेमकं हेच झालं. नवव्याच्या शेवटी रँडनं जे प्रचंड काम उरकलं, त्याच सुमाराला बाकीचे कुठे होते हे सांगण्यातच पुस्तकाचा मोठा भाग गेला. नमनाला घडाभर तेल, आणि ते नमनही आधी ई-पुस्तक म्हणून वेगळं विकलेलं! पेरिनची बायको फेल १९९८ च्या खंडात पळवली गेली, ती सुटली २००५ मध्ये. रँडची मार्गदर्शक मोरेन १९९३ मध्ये एका जादूच्या दरवाजातून पलीकडे पडली, ती बाहेर आली २०१० मध्ये. सतरा वर्षं भिजत घोंगडं. त्याच १९९३ च्या खंडात ॲस्मोडियन या खलपात्राला कुणी मारलं यावर वाचक तेवढीच वर्षं भांडले, आणि उत्तर शेवटी तेराव्या खंडाच्या मागच्या शब्दसूचीत मिळालं, एका नोंदीत. यावर चिडावं की हसावं, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

अकराव्या खंडात, 'नाइफ ऑफ ड्रीम्स'मध्ये, जॉर्डन यांनी वेग परत आणला होता. बारावा शेवटचा, आणि तो कितीही जाड झाला तरी एकच, असं ते सांगत. मार्च २००६ मध्ये त्यांनी स्वतःच आजार जाहीर केला: हृदयाच्या स्नायूंत प्रथिनं साचत जाणारा ॲमिलॉइडोसिस. पुढचं दीड वर्ष त्यांनी लिहिलं, लिहवत नव्हतं तेव्हा तोंडी सांगितलं, आणि तुम्ही मंडळींनी ते टिपून घेतलं.

मागे उरलं ते साधारण दोनशे पानं. त्यातला अर्धा-अधिक भाग आराखडे, तोंडी सांगितलेले प्रसंग आणि 'असं करावं, किंवा कदाचित तसं' अशा धर्तीची टिपणं. सलग लिहून झालेले प्रसंग त्यामानानं थोडे. पण नेमके मोलाचे: एग्वेनच्या खोलीत व्हेरिन येते तो प्रसंग, आणि अगदी शेवटचा प्रसंग. शिवाय जगाबद्दलच्या जुन्या फायली होत्याच, पण कोण कुठल्या गावचा हे माहीत असलं म्हणून तो पुढे काय करेल हे कळत नाही. काही पात्रांसाठी मुक्काम ठरलेला होता, वाट नव्हती. एखाद्या नवख्यानं ही दोनशे पानं फुगवून एक पुस्तक छापलं असतं. ते खपलंही असतं.

तुम्ही काय केलंत, तर आधी माणूस निवडलात. सॅंडरसन यांनी जॉर्डन गेल्यावर लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर कुणीतरी तुमच्या हाती दिला. तेव्हा त्यांची मोजकीच पुस्तकं आलेली होती. तुम्ही त्यांच्या 'मिस्टबॉर्न'चा पहिला भाग वाचलात आणि डिसेंबर २००७ मध्ये नाव जाहीर झालं. या निवडीतला सगळ्यात शहाणपणाचा भाग असा की आवाजाची नक्कल करायचा अट्टहास झाला नाही. जॉर्डन यांची लांब, कपड्यांच्या शिवणीपर्यंत जाणारी वाक्यं सॅंडरसन यांना जमली नसती. त्यांची वाक्यं आखूड आणि प्रसंग भरभर. पात्रं ओळखीची ठेवायची आणि गद्य आपलं लिहायचं, असं ठरलं.

इथे एक आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. मराठीत नॉव्हेलला 'कादंबरी' म्हणतात. हा शब्द सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत 'कादंबरी'वरून आला. आणि बाणाची 'कादंबरी' अपुरी राहिली होती! ती त्याच्या मुलानं पुरी केली. उत्तरभागाच्या आरंभी तो सांगतो की वडिलांबरोबर कथाही तुटली, सज्जनांना त्याचं दुःख झालेलं पाहून मी हे हाती घेतलं, कवित्वाच्या गर्वानं नव्हे. म्हणजे आमच्या भाषेत या साहित्यप्रकाराचं नावच मुळी दुसऱ्या हातानं पुऱ्या केलेल्या पुस्तकावरून पडलंय. त्यामुळे 'हे खरं जॉर्डनचं नाही' ही तक्रार आम्हाला कळते, पण टोचत नाही. कालचक्र आणि युगं तर आम्हाला तळटीप देऊन समजवावीच लागली नाहीत.

मग कामाची पद्धत. सॅंडरसन यांनी आधीचे सगळे खंड पुन्हा वाचले, आणि टिपणं पात्रसमूहांनुसार वेगळी केली. एका समूहाचा प्रवास सलग लिहायचा, नंतर त्याचे तुकडे करून बाकीच्यांत विणायचे. नंतर तुमचं संपादन, मारिया सायमन्स यांची सातत्याची तपासणी, ॲलन रोमॅंक्झुक यांची लढायांवर आणि काळाच्या हिशेबावर नजर. आवाका वाढत गेला तसं ३० मार्च २००९ रोजी जाहीर झालं की एकाचे तीन होतील. तेव्हा पुष्कळांनी पैशाचा वास काढला. आज तिन्ही खंडांचे मिळून शब्द दहा लाखांच्या घरात भरतात. एकट्या चौदाव्याचे साडेतीन लाख, मूळ आवृत्तीत नऊशेहून अधिक पानं. असे तीन ठोकळे एका पुठ्ठ्यात शिवायचे तर बांधणी पहिल्याच वाचनात पाठीतून फाटली असती. दुसरा मार्ग कापण्याचा, आणि कापलं असतं ते जॉर्डन यांनी वीस वर्षं पेरलेलं.

या विणण्याच्या पद्धतीचा एक तोटा झाला, तोही सांगतो, कारण नुसती स्तुती तुम्हालाच पटणार नाही. बाराव्या खंडात रँड आणि एग्वेन पुढे पळाले. पेरिन तेराव्यात मागून आला. परिणाम असा की रँडचा बाप टॅम बाराव्यात मुलाला भेटून जातो आणि तेराव्यात बराच वेळ, ती भेट व्हायच्या आधीच्या काळात, पेरिनच्या छावणीत दिसतो. वाचताना बोटं मोडून दिवस मोजावे लागतात. दुसरं मॅटचं. बाराव्यातला मॅट विनोद करतो. एका गावात शिरायचं तर सोबत्यांसाठी खोट्या जन्मकहाण्या रचून बसतो. जॉर्डन यांचा मॅट विनोद करत नाही. तो स्वतःला आळशी, स्वार्थी, पळपुटा समजतो आणि त्याच दमात आगीत उडी घेतो. तोंड एक बोलतं, पाय दुसरीकडे जातात, आणि हसू त्या फटीतून येतं. सॅंडरसन यांनी पुढे ही चूक जाहीरपणे कबूल केली. तेराव्यात मॅट बराच सुधारला, चौदाव्यात सापडला.

आता चौदावा. शेवटच्या युद्धाची अडचण अशी की ते अनेक ठिकाणी चालतं, आणि वाचकाला एका वेळी दोनपेक्षा जास्त नकाशे डोक्यात धरवत नाहीत. इथे चार आघाड्या आहेत आणि प्रत्येकीवर एकेक नामवंत सेनापती: टार्विन्स गॅपला एजेलमार, कँडोरात ब्राइन, एलेनच्या फौजेबरोबर बशीर, शायोल घूलला इटुराल्डे. चौघांच्याही स्वप्नांत शिरून शत्रुपक्षाची ग्रेंडाल त्यांची बुद्धी पोखरते. कुणी एकदम फितूर होत नाही. राखीव तुकडी थोडी उशिरा निघते, एक बाजू थोडी उघडी राहते. चुका इतक्या लहान की वाचकालाही आधी लेखकाचीच गफलत वाटते! मग चौघे बाजूला होतात, उरलेल्या फौजा मेरिलोरच्या मैदानावर एकत्र येतात आणि सूत्रं मॅटच्या हाती जातात. एका फटक्यात तीन अडचणी सुटल्या: चार नकाशांचा एक झाला, सगळी पात्रं एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात आली, आणि मॅटलाच सेनापती का करायचं याचं कारण मिळालं.

त्यानंतर सदतिसावं प्रकरण. सुमारे ७९,००० शब्दांचं एकच प्रकरण. स्वतंत्र छापलं तर बऱ्यापैकी जाड कादंबरी होईल. प्रकरण संपलं की वाचक पुस्तक मिटून पाणी प्यायला उठतो. इथे ती सोयच ठेवलेली नाही, आणि लढणाऱ्यांनाही ती नव्हती. कुठल्याही संपादकाची लेखणी तिथे आठ-दहा तुकडे करायला शिवशिवली असती. तुम्ही ते अखंड राहू दिलंत याबद्दल या पत्रातला सगळ्यात मोठा नमस्कार.

रँडची अंधाराच्या स्वामीशी लढाई त्याच वेळी शायोल घूलच्या गुहेत चालू असते. दोन्हींचा वेग जुळवायचा कसा? तिथल्या विवराजवळ काळ मंदावतो, आत थोडा वेळ गेला तर बाहेर दिवस उलटतात. त्यामुळे आतला संवाद अधूनमधून दोन-दोन पानं आला तरी खोटा वाटत नाही. आणि कॅलँडोर! १९९१ च्या तिसऱ्या खंडात उपसलेली तलवार, तिच्यातला दोष पुढे कळलेला: ती वापरणाऱ्यावर इतरांना ताबा घेता येतो. शेवटी तोच दोष सापळा होतो. शत्रूकडचा मोरिडिन ती उचलतो आणि मोरेन व नायनीव्हच्या मदतीनं रँडच्या कह्यात जातो. बावीस वर्षांपूर्वी ठोकलेली खुंटी, आणि भार अखेर तिच्यावरच.

तक्रारी आहेतच. पहिल्या खंडापासून मागावर असलेला पेडन फेन दोन पानांत मरतो. शत्रूचा सेनापती डिमँड्रेड शारा या दूरच्या देशातून फौज घेऊन उगवतो तो जवळजवळ कोऱ्या पाटीनं. त्याची तिकडची हकीकत लिहिलेली होती, पण वेग अडतो म्हणून काढली आणि २०१३ मध्येच एका कथासंग्रहात वेगळी आली. ती वाचल्यावर वाटतं, वेगासाठी काढणं बरोबर होतं, आणि तरी तिच्यावाचून लॅनबरोबरचं त्याचं द्वंद्व अर्ध्या वजनाचं राहतं. यावर तोडगा आम्हालाही सुचलेला नाही. ई-पुस्तक तुम्ही ९ एप्रिलपर्यंत रोखलंत तेव्हा लोकांनी न वाचताच एकेक तारा देऊन राग काढला. परदेशी पुठ्ठाबांधणीच्या किमतीत इथे आठवड्याचा किराणा येतो, त्यामुळे त्या रागात थोडा आमचाही वाटा समजा.

आणखी एक आभार, न छापलेल्या पुस्तकांबद्दल. मॅट आणि त्याची बायको टुऑन यांच्या पुढच्या गोष्टीचा जॉर्डन यांचा विचार होता. त्याबद्दल मागे उरली ती जेमतेम दोन-चार वाक्यं. दोनशे पानांवर तीन खंड उभे राहिले होते, तेव्हा दोन वाक्यांवरही कुणी पाच उभे केले असते. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत.

आणि ती चिलीम. शेवटच्या प्रसंगात रँडची जादूची शक्ती गेलेली आहे. तो चिलमीकडे पाहतो, ती पेटलेली आहे असं मनात आणतो, आणि ती पेटते. कशी, ते सांगितलेलं नाही. हा प्रसंग जॉर्डन यांच्या हातचा. खुलाशाची एक ओळ तिथे घालून मोकळं होणं किती सोपं होतं! त्या समासात तुमच्या लेखणीनं काहीही लिहिलं नाही. चिलीम कशी पेटली यावर आमच्यात चार मतं आहेत आणि पाचवं तयार होतंय.

कळावे, लोभ असावा.

आपले,
चौदाही खंड संपवून पुन्हा पहिल्याकडे वळलेले काही मराठी वाचक