मंडेला सुटले तेव्हा कायदे तसेच होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंडेला दिनाच्या, म्हणजे १८ जुलैच्या सुमारास येणाऱ्या लेखांत एक समज दरवर्षी पक्का केला जातो: दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद १९४८ साली सुरू झाला आणि ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटताच संपला. या दोन्ही तारखा दिशाभूल करतात.

सुरुवात जमिनीपासून झाली. १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशाची जेमतेम ७ टक्के जमीन राखली आणि तिच्याबाहेर त्यांना खरेदीची बंदी केली. १९३६ मध्ये हा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास गेला. १९४८ ला सत्तेवर आलेल्या गोऱ्यांच्या नॅशनल पार्टीने या पायावर मजले चढवले. त्यांतला कळीचा म्हणजे १९५० चा लोकसंख्या नोंदणी कायदा. माणसाचा वंश दप्तरात एकदा चढला, की तो कुठे राहणार, कुठे शिकणार, कोणाशी लग्न करणार, सगळं त्या एका नोंदीवर ठरे. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघत. ती खाली पडली नाही, तर माणूस गोरा नाही. सख्खी भावंडंही यामुळे वेगळ्या वर्गांत गेली.

पासाचं पुस्तक तर सोळा वर्षांवरच्या प्रत्येक कृष्णवर्णीयाने सतत जवळ बाळगायचं. त्यात फोटो, कामाची परवानगी, कराच्या नोंदी आणि मालकाची दर महिन्याची सही. परवानगीशिवाय शहरात ७२ तासांहून जास्त थांबणं हा गुन्हा. तिथे कायम राहायचं, तर जन्म तिथला हवा, नाहीतर एकाच मालकाकडे सलग १० वर्षं नोकरी किंवा १५ वर्षं कायदेशीर वास्तव्य. १९६८ पासून कंत्राटी मजुराला दरवर्षी गावी परत धाडू लागले, म्हणजे ‘सलग’ हा शब्द कधी पुराच होऊ नये. इतकी थंड डोक्याची क्रूरता बंदुकीपेक्षा कमी नव्हती. शार्पव्हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत २१ मार्च १९६० रोजी या पासांविरुद्ध जमलेल्यांपैकी ६९ जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले.

पास गेले १९८६ मध्ये. शहरांकडे येणारी माणसं अटकांनी थांबत नव्हती, वस्त्या पेटलेल्या होत्या आणि १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जांची मुदत वाढवायला नकार दिला होता. (भारताने व्यापारबंदी १९४६ मध्येच घातली होती, हेही आपल्याकडे क्वचित लिहिलं जातं.) जमिनीचे आणि नोंदणीचे कायदे मात्र मंडेला सुटल्यावरही सव्वा वर्ष चालू होते, ते जून १९९१ मध्ये रद्द झाले. तेव्हाही फक्त नवजात मुलांची वंशनोंद थांबली. आधीच्या नोंदी नव्या राज्यघटनेपर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत दप्तरात तशाच राहिल्या.

जमीन परत मिळवण्याचा कायदा १९९४ मध्ये झाला. त्यात दावा करता येत होता तो १९ जून १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनीवरच. त्याआधी जे गेलं, ते या कायद्यात बसत नाही. पुढच्या लेखांत निदान १९१३ आणि १९९१ ही दोन सालं छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा