बचावपटूकडे बघायला शिकवलंत, सर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. बास्केटबॉलमध्ये बचावपटू अगदी जवळ उभा ठाकला, की चेंडूवाल्या खेळाडूसाठी पंच पाच सेकंदांचा काउंट, म्हणजे मोजणी, सुरू करतो. या 'क्लोजली गार्डेड' नियमाचा गुंता तुम्ही ज्या चिकाटीने माझ्यासाठी सोडवलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

नियम पाठ होता. अमेरिकी हायस्कूल नियमांत अंतर सहा फूट, काउंट फक्त फ्रंटकोर्टमध्ये (आक्रमण चालू असलेल्या अर्ध्या भागात), पण चेंडू हातात धरला तरी लागू आणि ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू आपटत नेतानाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत अंतर एक मीटर, कोर्टवर कुठेही, मात्र चेंडू हातात असतानाच. एवढं पुस्तकात मिळतं. तुम्ही म्हणालात, "चेंडूवरची नजर काढ. काउंट बचावपटूमुळे सुरू होतो, त्याला बघ."

तिथून हायस्कूलच्या सामन्यांतले माझे सगळे प्रश्न सुटत गेले. बचावपटू मागे सरकतोय, म्हणून काउंट सोडायचा का? तो वाटेत आहे आणि सहा फुटांच्या आत आहे, तर नाही. ड्रिबलरचं डोकं आणि खांदे त्याला ओलांडून गेले, की मात्र तिथेच संपला. मधेच दुसऱ्या बचावपटूने जागा घेतली आणि अंतर तुटलं नाही, तर तोच काउंट पुढे. बचावपटूचे हात पसरलेले असायलाच हवेत, हा समज तर तुम्ही पहिल्याच बैठकीत खोडलात. अंतर पावलापासून पावलापर्यंत मोजायचं. आणि ड्रिबल थांबवून चेंडू हातात घेतला की नवा काउंट, म्हणून सेकंद मोजताना हलवायचा हात बदलायचा. आता बाकावरच्या प्रशिक्षकालाही लांबून कळतं, की मी पुन्हा एकपासून मोजतोय.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तेही सांगतो. पाच सेकंद समोरच्याला अडवून धरणं ही बचावपटूची खरी मेहनत असते. गुणफलकावर तिची नोंद नसते. पंचाने हात हलवलाच नाही, तर ती वाया जाते. तुम्ही प्रत्येक शंकेला उत्तर देताना आधी विचारायचात, "त्याने काय कमावलंय?" हा प्रश्न मी अजून प्रत्येक सामन्यात स्वतःला विचारतो.

सामना संपल्यावर थकलेले असतानाही तुम्ही माझ्यासोबत थांबलात, एकेक प्रसंग कोर्टवर उभं राहून पावलं टाकून दाखवलात. तेवढा वेळ कोण देतं, सर?

नव्या पंचांना मी हे सगळं तुमच्याच क्रमाने शिकवतो आहे. त्यांच्या शंका साठल्या आहेत, विशेषतः स्क्रीनमधून, म्हणजे सहकाऱ्याने उभं राहून दिलेल्या आडोशातून, सुटणाऱ्या ड्रिबलरबद्दल. सवड झाली की एकदा या.

आपला,
तुमच्या हाताखाली घडलेला एक पंच