यकृत आणि पित्तनलिकेचा कर्करोग : आधी निदानाकडे पाहू या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यकृताच्या कर्करोगावरील नव्या इम्युनोथेरपीविषयी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांविषयी, आपल्या दैनिकात आलेले वृत्त मी दोनदा वाचले. मिरजेत छत्तीस वर्षे औषधांचे दुकान चालवल्यामुळे त्यातील औषधांची नावे मला परकी नव्हती. त्यांपैकी एकाची पाकिटे तर मी स्वतः रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिली आहेत. वृत्त अचूक होते. तरीही एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. यकृत आणि पित्तनलिका यांच्या कर्करोगांवरील संशोधनात आज सर्वांत उपयोगी पडू शकेल असे ज्ञान लवकर निदानासंबंधीचे आहे, आणि आपल्याकडे नेमके त्याच ज्ञानाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, असे माझे ठाम मत झाले आहे.

बोलण्यात आपण ज्याला सरसकट ‘लिव्हरचा कॅन्सर’ म्हणतो, त्यात निरनिराळे आजार मिसळलेले असतात. एक यकृताच्या पेशींपासून सुरू होतो, दुसरा पित्त वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरापासून, आणि पुष्कळदा तर गाठ मुळात आतड्यातील किंवा स्तनातील असून ती यकृतात पसरलेली असते. तिन्हींची औषधे वेगळी आहेत, त्यामुळे ‘लिव्हरमध्ये गाठ आहे’ एवढ्या माहितीवर कुणी एखाद्या औषधाची चौकशी करायला दुकानात आले की मी आधी तपासणीचे कागद मागत असे.

यकृतपेशींच्या कर्करोगाबाबत सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की तो बहुतेक वेळा आधीच बिघडलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटीस बी किंवा सी, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारे फॅटी लिव्हर, आणि या साऱ्यांचा शेवट असलेला सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचे निबर होणे, हा त्याचा मार्ग आहे. म्हणजे धोका कोणाला आहे हे पुष्कळांच्या बाबतीत वर्षानुवर्षे आधी कळलेले असते. हिपॅटायटीस बीच्या विषाणूचा शोध लावणाऱ्या बारूख ब्लुमबर्ग यांना 1976 मध्ये आणि हिपॅटायटीस सीच्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना 2020 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तैवानने 1984 मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटीस बीची लस देण्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 6 ते 14 वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखामागे 0.70 वरून 0.36 वर आल्याचे दिसले. एखाद्या लसीने कर्करोग टळतो याचा इतका स्पष्ट पुरावा त्याआधी कुणी दिला नव्हता. आपल्याकडे ही लस 2002 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि देशभरातील लसीकरणात 2011 मध्ये समाविष्ट झाली. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोक हिपॅटायटीस बीसह जगत होते.

या लोकांसाठी काय करता येते, याचे उत्तर शांघायमधील एका मोठ्या प्रयोगाने 2004 मध्ये दिले. हिपॅटायटीस बीची लागण झालेल्या किंवा जुनाट यकृतदाह असलेल्या 18,816 जणांची दोन गटांत विभागणी करून एका गटाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनची (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाची) तपासणी करण्यात आली. नेमाने तपासणीला येणारे साठ टक्क्यांहूनही कमी होते, तरीसुद्धा त्या गटातील यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी झाले. या प्रयोगाच्या मांडणीवर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत हे मला ठाऊक आहे, पण लहान गाठ आणि मोठी गाठ यांतील फरक इतर अभ्यासांतूनही तेच सांगतो. इटलीतील मिलान येथील शल्यचिकित्सकांनी 1996 मध्ये दाखवून दिले, की पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी असताना यकृतप्रत्यारोपण केले, तर चार वर्षांनंतर 75 टक्के रुग्ण हयात राहतात. ‘मिलान निकष’ म्हणून हेच माप आजही जगभर वापरले जाते. त्याहून लहान गाठ सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून जागीच जाळता येते. हे सर्व गाठ लहान असताना सापडली तर, आणि लहान गाठ दुखत नाही, म्हणून ती शोधावी लागते.

शोधल्यानंतरच्या निदानातही यकृताची एक विलक्षण सोय आहे, जी मला विद्यार्थिदशेपासून थक्क करत आली आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेतून मिळते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सर्व रक्त धमनीतून ओढते. त्यामुळे हाताच्या शिरेतून चित्रात उजळणारे औषध सोडून तीन टप्प्यांत काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये गाठ आधी उजळते आणि भोवतालचे यकृत उजळू लागले की ती फिकी पडते. सिरॉसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सीशिवायही, म्हणजे गाठीचा तुकडा काढून न तपासताही, निदान पक्के मानले जाते, जे इतर फार थोड्या कर्करोगांत शक्य आहे. उपचारातही हाच फरक कामी येतो. मांडीतून किंवा मनगटातून धमनीत बारीक नळी घालून गाठीपर्यंत केमोचे औषध नेता येते आणि तिचा रक्तपुरवठा तोडता येतो, किंवा इट्रियम-90 हे किरणोत्सारी मूलद्रव्य असलेले काचेचे सूक्ष्म कण तेथे पोहोचवता येतात. असे कण आपल्याच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाले आहेत, ही बाब अधिक लोकांना माहीत व्हायला हवी.

आता औषधांविषयी. 2008 मध्ये सोराफेनिब या गोळीच्या चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा वाढलेल्या आजारातील मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) 7.9 महिन्यांवरून 10.7 महिन्यांवर गेले, आणि तेवढ्यानेही डॉक्टर हरखले, कारण त्याआधी हाती काहीच नव्हते. आपल्याकडे महिन्याच्या 120 गोळ्यांना सुमारे 2 लाख 80 हजार रुपये पडत. मार्च 2012 मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला देशातील पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची मुभा, दिली आणि किंमत महिन्याला नऊ हजारांच्या आत आली. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. किंमत उतरली त्या आठवड्यात दुकानात आलेल्या एका शेतकरी मुलाने किंमत ऐकून ‘परत एकदा सांगा’ असे तीन वेळा विचारले होते. 2020 मध्ये अॅटेझोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी आणि बेव्हॅसिझुमॅब हे औषध यांच्या जोडीने सोराफेनिबला मागे टाकले, आणि पुढील पाहणीत मध्यम आयुर्मान 13.4 ऐवजी 19.2 महिने दिसले. ही प्रगती खरी आहे, काही रुग्ण तर त्याहून कितीतरी अधिक काळ चांगले राहतात. पण चाचणीतील रुग्णांचे यकृत बऱ्यापैकी काम करणारे होते. सिरॉसिसने पोट पाण्याने भरल्यावर आलेल्या रुग्णाला ही औषधे देणे डॉक्टरांना बहुधा शक्य होत नाही.

पित्तनलिकेच्या कर्करोगाची वाट याहून बिकट आहे, आणि ती मी घरात पाहिली आहे. माझ्या वहिनींना, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कावीळ झाली. ताप नाही, पोटात दुखणे नाही. ‘भाऊजी, रात्रभर अंगाला खाज सुटते हो, कावीळ उतरताना असं होतं का?’ असे त्यांनी मला फोनवर विचारले, आणि मी, औषधांत आयुष्य घालवलेला माणूस, ‘होईल कमी’ म्हणालो. गावातील रीतीप्रमाणे त्यांच्या गळ्यात काविळीची माळ घातली गेली होती, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणीही दाखवून झाले होते. मुळ्या वाळून आक्रसतात आणि गाठी सैल होऊन माळ लांबते, रुग्ण बरा होवो अथवा न होवो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून श्रेय माळेला मिळते. मात्र लघवी गडद, शौच पांढरट आणि सर्वांगाला खाज, ही पित्ताचा मार्ग अडल्याची खूण असते. वहिनींचे सहा आठवडे त्यात गेले.

त्यानंतर ज्या रुग्णालयात नेले तेथे घाईने दुर्बिणीतून स्टेंट (पित्ताचा अडलेला मार्ग मोकळा ठेवणारी बारीक नळी) बसवला गेला आणि एमआरआय नंतर झाला. हेतू चांगला होता, कावीळ उतरलीही. पुढे मोठ्या केंद्रातील शल्यचिकित्सकांनी समजावून सांगितले, की स्टेंट आत असला की नलिका मिटतात, सूज येते आणि आजार नेमका कुठवर गेला आहे हे चित्रांत नीट दिसत नाही. ताप आणि जंतुसंसर्गाची घाई नसेल तर आधी चित्रे, मग स्टेंट, हा क्रम पाळायला हवा. या कर्करोगासाठी केली जाणारी सीए 19-9 ही रक्ततपासणीही अडलेल्या काविळीत कर्करोग नसताना वाढू शकते. नलिकेतून ब्रशने खरवडून घेतलेल्या पेशी अनेकदा इतक्या थोड्या असतात की अहवाल ‘अनिश्चित’ येतो. वहिनींचा दोन वेळा तसाच आला. म्हणूनच पित्तातून किंवा रक्तातून गाठीचा डीएनए शोधण्याचे जे संशोधन चालू आहे, त्याकडे मी आशेने पाहतो.

या आजारात 2010 मध्ये जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधांची जोडी ठरली, मध्यम आयुर्मान 8.1 वरून 11.7 महिने झाले, आणि 2022 मध्ये त्यात इम्युनोथेरपीची भर पडली, जिच्यामुळे मध्यम आयुर्मान थोडेच वाढले. खरा बदल गाठीच्या जनुकीय तपासणीने आणला आहे. यकृताच्या आतील नलिकांच्या कर्करोगात काही रुग्णांमध्ये एफजीएफआर-2 किंवा आयडीएच-1 या जनुकांत बदल आढळतात आणि त्यांच्यासाठी नेमकी औषधे अमेरिकेत 2020 आणि 2021 मध्ये मान्य झाली. तपासणीच झाली नाही तर ते रुग्ण कोण हे कळणार कसे?

कारणेही जागोजागी वेगळी आहेत. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून येणारा यकृतातील चपटा कृमी या रोगाचे मूळ ठरला, आणि खोन केन विद्यापीठाने तेथे गावोगाव सोनोग्राफीचा कार्यक्रम उभा केला. जपानमध्ये ओसाका येथील छापखान्यातील तरुण कामगारांना हा कर्करोग झाला तेव्हा शाई पुसण्याच्या द्रावणातील एक रसायन सापडले. आपल्या देशात गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग अधिक दिसतो, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधील संशोधकांनी 2017 मध्ये त्याच्याशी निगडित दोन जनुके दाखवून दिली. असे काम महाराष्ट्रातील जिल्ह्यांविषयीही व्हावे. मुंबईत 1963 पासून आणि बार्शीत 1987 पासून कर्करोगाची नोंदणी चालू असलेल्या राज्याला ते अवघड जाऊ नये.

राज्याच्या आरोग्य विभागाकडे माझे मागणे मोठे नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम 2018 पासून मोफत औषधे देतो. औषध घ्यायला येणाऱ्या सिरॉसिसच्या आणि अधिक धोका असलेल्या हिपॅटायटीस बीच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर पुढील सोनोग्राफीची तारीख लिहिलेली असावी, आणि तो न आल्यास आशाताईंनी निरोप द्यावा. दोन आठवड्यांत न उतरणारी किंवा खाजेसह आलेली कावीळ थेट जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची लेखी सूचना प्राथमिक आरोग्य केंद्रांत लावावी.

आपल्याकडेही एक मागणे आहे. काविळीवरील खात्रीच्या इलाजाच्या छोट्या जाहिराती अनेक वृत्तपत्रांत येतात. आपल्या पानावर तशी जाहिरात येणारच असेल, तर तिच्या शेजारी चौकटीत एवढे छापाल का : कावीळ आणि अंगाला खाज एकत्र असेल, किंवा शौचाचा रंग पांढरट असेल, तर आधी सोनोग्राफी करून घ्या.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त औषधविक्रेता, मिरज