खुर्चीची उंची वजा करून

स्टुटगार्ट,
रविवार, रात्री उशिरा

ती. सौ. ताईस,
सा. न.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोललो असतो, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि आई शेजारी शेंगा सोलत बसलेली असते. हे आधी तू एकटीनं वाच. आईला काय आणि किती सांगायचं ते मग तूच ठरव.

गेल्या मंगळवारी एका हॉस्पिटलात जाऊन माप देऊन आलो. आजारी वगैरे नाही. पाय लांब करायचं ऑपरेशन असतं ना, त्याच्या आधीचं माप. हो, तेच. मागं एकदा व्हिडिओ बघून तू "शी, असलं कोण करून घेतं" म्हणाली होतीस आणि मी गप्प बसलो होतो.

साताऱ्याचं ते स्थळ आठवतंय? पोहे झाले, मी हात धुवायला उठलो, आणि मुलीची मावशी आपल्या आत्याला म्हणाली, "बसला होता तोवर कळलंच नाही हो." तू मला हे कधी सांगितलं नाहीस, पण मी मोरीत होतो आणि नळ अजून सोडला नव्हता. चार वर्षं झाली त्याला. नकार आला त्याचं काही नाही, बायोडाटावर बाबांनी 5 फूट 6 इंच लिहून ठेवल्यावर आणखी काय होणार! पण ते वाक्य राहिलं. आपलं धड लांब आणि पाय आखूड, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मग फोटोत तेच दिसायचं, दुकानांच्या काचेत तेच. फोटोंचं तर इथं येऊन कळलं की मोबाईल डोक्याच्या उंचीवर धरून काढलेल्या फोटोत कुणाचेही पाय आखूडच येतात. खरं बघायचं तर कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणि चांगला लांब ठेवायला लागतो. आपल्याकडं सगळे फोटो मंदारनं काढलेले, आणि तो सहा फुटी.

आता माझी गंमत ऐक. भोसरीत पाच वर्षं आणि इथं तीन, मी दुसऱ्यांच्या पार्टांची मापं काढून पोट भरतो. मायक्रॉनमध्ये. मापाला जायच्या आधी म्हटलं, घरी एकदा स्वतःचं काढून बघू. शिफ्ट संपवून आलो, भिंतीला टेप चिकटवली, जेवायची खुर्ची भिंतीला लावून ताठ बसलो, डोक्यावर जर्मन व्याकरणाचं पुस्तक धरलं आणि पेन्सिलनं खूण केली. खुर्ची वजा जाता बसून उंची आली 85.5 सेंटिमीटर. उभ्यानं 162.2. भागाकार केला तर 52.7 टक्के. मोठ्या माणसांत हा आकडा साधारण 50 ते 53 असतो, म्हणजे मी वरच्या टोकाला. म्हटलं, मावशी बरोबर होती. त्या रात्री मला चक्क बरं वाटलं. दोष सापडला की दुरुस्ती करता येते, आमच्या धंद्यात असंच असतं.

हॉस्पिटलात माप घेणारी बाई साठीची असेल. सकाळी आठची वेळ मुद्दाम दिलेली. दिवसभर पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्रीपर्यंत माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बुटका होतो, म्हणून सगळ्यांना सकाळीच बोलावतात. बूट-मोजे काढून उभ्यानं माप घेतलं: 163.4. मग एक लाकडी स्टूल आणलं. कडक, गादी नाही, बरोबर 50 सेंटिमीटर उंच. त्यावर बसवलं, पाठ पट्टीला टेकवली, पायाखाली फळी सरकवून मांड्या आडव्या केल्या, हात मांडीवर. मग माझी हनुवटी दोन बोटांनी धरून खाली आणली. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेघेत आली पाहिजे. तिला फ्रँकफर्ट रेघ म्हणतात. 1880 च्या दशकात कवट्या मोजणाऱ्या लोकांनी त्या गावात बसून ठरवलेली, आणि इथून फ्रँकफर्ट ट्रेननं दीड तासावर. मी दर दोन महिन्यांनी कंपनीच्या कामाला जातो तिथं आणि मला हे माहीत नव्हतं.

"श्वास घ्या," म्हणाली. वरची पट्टी केस दाबून डोक्याला टेकली. ती वाचणार एवढ्यात थांबली आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलली. मला आधी कळलंच नाही. मग तिनं स्वतःच्या कुल्ल्यावर चापटी मारून दाखवली. मी बैठक आवळून धरली होती! आवळलं की माणूस वर उचलला जातो, तेवढं माप खोटं येतं. शाळेत वैद्यकीय तपासणीला आपण टाचा उचलायचो तसलाच प्रकार, फक्त मी नकळत करत होतो, आणि फायद्याचं सोडून तोट्याच्या बाजूनं. सैल सोडल्यावर पट्टी खाली आली. 133.6. स्टूल वजा करून 83.6.

83.6 भागिले 163.4. म्हणजे 51.2 टक्के.

ताई, म्हणजे काही नाही. अगदी मधोमध. माझे पाय आखूड नाहीत आणि धडही लांब नाही. घरच्या मापात मी काय काय केलं होतं बघ: बैठक आवळलेली, पुस्तक काटकोनात न धरता पुढून खाली झुकलेलं, त्यामुळं बसून माप जास्त. आणि उभ्यानं माप संध्याकाळी, आठ तास मशीनपाशी उभं राहून आल्यावर, म्हणून ते कमी. खरं तर संध्याकाळी बसून मापही तेवढंच कमी यायला हवं होतं, आणि ते उलट जास्त आलं! माझ्या हाताखालच्या पोरानं असा रिपोर्ट दिला असता तर मी तो त्याच्या अंगावर फेकला असता.

परत येताना ट्रेनमध्ये ते साताऱ्याचं घर डोळ्यापुढं आणलं. सोफ्यावर कोण होतं? मुलगी, तिचे वडील, मावशी, सगळे त्या मऊ सोफ्यात रुतून बसलेले. आणि मला काय दिलं होतं? आतल्या खोलीतनं आणलेली लाकडी खुर्ची. मावशीनं खुर्चीची उंची वजाच केली नव्हती. चार वर्षं मी त्या बाईच्या चुकीच्या रीडिंगवर जगलो.

बसून उंची म्हणजे नुसतं धड नाही, त्यात मान आणि डोकंही आलं. म्हणून हॉस्पिटलातल्या बाईनं धडाचं वेगळं माप घेतलं. मान खाली घातली की मागं जो मणका वर येतो तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेघेपर्यंत, पाठीवरनं टेप. हे माप मी आधी दिलेलं होतं, ट्रेकिंगच्या दुकानात सॅक घेताना. तिथला पोरगाही असंच मोजतो, कारण सॅक पाठीच्या लांबीवर घ्यायची असते. त्याचे 44 आले होते, हिचेही 44. हात पसरून माप घेतलं, 165. उंचीच्या आसपास असतं ते, आणि तेही ठीकच निघालं.

मग एक्स-रे. खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय एका फिल्मवर, उभं राहून, गुडघ्याच्या वाट्या समोर. मांडीशेजारी 25 मिलिमीटरचा धातूचा गोळा चिकटवतात. फिल्मवर तो 27 चा दिसला तर सगळंच 8 टक्के फुगलेलं धरायचं आणि त्या हिशेबानं हाडं कमी करायची. बघून जीव खूश झाला. मास्टर, म्हणजे नक्की माप माहीत असलेला तुकडा, शेजारी ठेवल्याशिवाय मोजायचं नाही, हे डॉक्टर लोकांनाही कळतं म्हणायचं. मांडीचं हाड 43.5, नडगी 35. उजवा पाय डाव्यापेक्षा 4 मिलिमीटर आखूड. असं बहुतेकांचं असतं म्हणे.

डॉक्टरांनी एवढं सगळं मोजून घेतलं त्याचं कारण सांगितलं ते मला फार पटलं. पाय वाढवता येतात, धड वाढवता येत नाही. जे बदलणार नाही ते आधी नक्की मोजायचं आणि बाकीचं त्याच्याशी जुळवून बघायचं. आम्ही त्याला डेटम म्हणतो. माझे 83.6 मरेपर्यंत 83.6, म्हातारपणी कमीच. 5 सेंटिमीटर वाढवले तर मी 168.4, आणि प्रमाण 51.2 वरनं 49.6 वर. मला मनातून 8 हवे होते. त्यात ते 48.8 होतं. शर्ट तोच आणि पाय दुसऱ्या कुणाचे, असं दिसायला लागतं, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी नुसता माझा फोटो कमरेपासून कापून, खालचा भाग ताणून स्क्रीनवर दाखवला. 5 वर मी मीच होतो. 8 वर मला माझी थोडी भीती वाटली.

आता ऑपरेशन काय असतं ते सांगतो, म्हणजे तू गूगल करून रात्र काढणार नाहीस. ही विद्या गाव्रिल इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरची, सायबेरियातल्या कुर्गान गावची, 1950 च्या दशकातली. मोडलेली, वाकडी, आखूड झालेली हाडं नीट करायला त्यानं ती शोधली. पायाभोवती लोखंडी कडी आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या तारा. उंच उडीवाला ब्रुमेल, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला, पुढच्याच वर्षी मोटारसायकलवरनं पडून त्याच्या पायाचा चेंदामेंदा झाला, तो शेवटी या इलिझारोव्हकडं उभा राहिला. आता कडी बाहेर न घालता हाडाच्या पोकळीत रॉड टाकतात आणि तो आतल्या आत लांबतो. हाड कापायचं, आठवडाभर थांबायचं, मग रोज 1 मिलिमीटर, तोही एकदम नाही, थोडा थोडा करून. फटीत नवं हाड भरत जातं. 5 सेंटिमीटरला 50 दिवस. ते टणक व्हायला पुढं आणखी काही महिने, तोवर कुबड्या. हाड ऐकतं, पण स्नायू आणि नसा कुरकुरतात. रोज व्यायाम केला नाही तर गुडघा वाकत नाही. हाड जुळलंच नाही, जंतू झाले, शिरेला इजा झाली, असंही होऊ शकतं, आणि ते सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलंय.

मांडी की नडगी, यावर अर्धा तास गेला. नडगी वाढवली की टाचेची शीर ओढली जाते आणि टाच जमिनीला टेकत नाही. शिवाय माझ्या हाडांचं गुणोत्तर, म्हणजे नडगी भागिले मांडी, 0.80 आहे, ते 0.92 होईल. मांडी वाढवली तर 0.72. ती बरी सोसते म्हणाले, पण त्यातही एक मेख आहे. रॉड मांडीच्या हाडाच्या आसावर बसतो आणि शरीराचा भार खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या दुसऱ्याच रेघेवरनं जातो, त्यामुळं दर सेंटिमीटरला ती रेघ गुडघ्यात साधारण 1 मिलिमीटर बाहेर सरकते. माझे पाय जरासे धनुष्यासारखे, म्हणून मला ते उलट सोयीचं. आजी म्हणायची बघ, "पोराला लवकर उभं केलं." लवकर उभं केल्यानं पाय वाकत नाहीत म्हणा, पण त्या वाकडेपणाचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होईल.

मी विचारलं, उकिडवं बसता येईल का? त्यांना शब्द माहीत नव्हता, म्हणून केबिनमध्ये बसून दाखवलं. ते खुर्चीतनं पुढं वाकून बघत राहिले. मांडी लांब आणि नडगी तेवढीच राहिली तर बूड मागं जातं, तोल सांभाळायला पुढं जास्त वाकावं लागतं. जमेल, पण आत्ता बसता तसं नाही, म्हणाले. रानातल्या विहिरीच्या काठावर मी तासन्‌तास बसायचो तसं नाही. आणि एसटीत गुडघे पुढच्या सीटला लागतील ते वेगळंच.

शेवटी एका मानसोपचारवाल्या बाईंकडं बसवलं. तिथं गेल्याशिवाय हे लोक पुढं सरकतच नाहीत. तिनं विचारलं, "168 झालात तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय वेगळं कराल?" मी मावशीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, पण ते माप तर चुकीचं निघालं ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग? यावर मला इंग्लिशमध्येही उत्तर आलं नाही आणि जर्मनमध्येही. मराठीत तुला सांगून बघतो: पाय आखूड नाहीत हे कळलं, पण बुटका तर आहेच ना ताई. प्रमाणात आहे, एवढंच. दुरुस्तीचं काम नाही हे, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले. तुमच्यात काही बिघडलेलं नाही, हवं असेल तर करू. बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. विमावालेही मग पैसे देतील. आता सगळा खर्च माझा, आणि तो आपल्या वरच्या मजल्याच्या बांधकामाएवढा आहे.

सही केलेली नाही. त्यांनी तीन महिने दिलेत विचाराला. 8 चा नाद मात्र सोडला, झालं तर 5. बाबांना यातलं काही सांगू नकोस, ते 5 फूट 6 वर ठाम आहेत.

एक काम कर. मंदारच्या लग्नासाठी सुट्टीत दत्तू मास्तरांकडं सुटाचं कापड टाकून आलोय, दिवाळीनंतर कापायला घेतो म्हणाले होते. त्यांना म्हणावं कोट बिनधास्त शिवा, ते माप हलणार नाही. पँट कापू नका. आणि त्या दुकानात तागा शिल्लक असेल तर त्यातलंच पाव मीटर कापड आणखी घेऊन ठेव.

तुझा,
बाळू