जनावरांना टोचल्या जाणाऱ्या सुयांनाही नियम हवा: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यात प्रॅक्टिस करणारी पशुवैद्यक. सकाळी गोठे, संध्याकाळी दवाखान्यात कुत्री-मांजरे. इंजेक्शन, सलाईन, टाके हे रोजचेच. त्याच्या जोडीने निवडक जनावरांवर ॲक्युपंक्चरही करते. पत्र त्याबद्दलच आहे.

माणसांच्या ॲक्युपंक्चरसाठी आपल्या राज्याने 2015 चा कायदा केला, परिषद नेमली. जनावरांचे काय? उद्या कोणी चार व्हिडिओ पाहून गाईच्या पाठीत सुया खुपसू लागला, तर त्याला कशाच्या आधारे अडवायचे आणि मी करते ते कशात बसते, हे मला लेखी हवे आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकांना दिला आहे. सुया त्यातच येतात, एवढे एक परिपत्रक विभागाने काढले तरी निम्मे काम होईल. गावोगाव उपचार म्हणून जनावरांना तापल्या लोखंडाचे डाग देणारे अजून आहेत, त्यामुळे ही भीती काल्पनिक नाही.

सुई नेमकी कुठे लागते ते सांगते. लांब पाठीचा डॅक्सहुंड जातीचा कुत्रा सोफ्यावरून उडी मारतो आणि दुसऱ्या दिवशी मागचे पाय फरपटत येतो. मणक्यामधली चकती सरकलेली असते. सुईचे पाकीट फोडण्याआधी मी मागच्या पायाचे बोट चिमट्यात दाबते. पाय आखडून घेतला म्हणून खूश व्हायचे नाही, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवून माझ्याकडे बघायला हवे, कण्हायला हवे, जमल्यास चावायला धावायला हवे! काहीच केले नाही, तर वेळ न दवडता शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात पाठवते. वेदना जाणवत असेल आणि शस्त्रक्रियेवाचून भागण्यासारखे असेल, तर पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, वेदनाशामक आणि सोबत सुया. कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी (त्यामागचे त्रिकोणी हाड) यांच्यामध्ये बोट दाबले की एक खळगा लागतो. चिनी पद्धतीत त्याला ‘बाई हुई’ म्हणतात; कुत्र्याला एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यातले भुलीचे इंजेक्शन, देताना कॉलेजात आम्हाला हीच जागा चाचपायला लावतात. तिथे सुई गेली की बरीच कुत्री ओरडायच्या ऐवजी पेंगायला लागतात.

गाय व्यायली आणि बसली, मान पोटाकडे वळवलेली, कान गार, तर तिच्या रक्तातले कॅल्शियम घटलेले असते; शिरेतून कॅल्शियमच द्यायचे. तिथे सुया टोचत बसणाऱ्याला मी वैद्य म्हणणार नाही.

पुराव्याबद्दलही आडपडदा नको. पाळीव जनावरांवरच्या ॲक्युपंक्चरच्या अभ्यासांचा एक आढावा 2006 साली प्रसिद्ध झाला. पद्धतीची शिफारस करायला किंवा ती मोडीत काढायला, दोन्हीसाठी ठाम पुरावा नाही, असे त्यात निघाले. म्हणून मी मालकांना चमत्काराची गोष्ट सांगत नाही. पण किडनी थकलेल्या चौदा वर्षांच्या कुत्र्याला रोज वेदनाशामक गोळी देता येत नाही आणि त्याचे सांधे तर दुखतच असतात. गुरांच्या बाबतीतही हात बांधलेले आहेत. औषध दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडे मरतात म्हणून वेदनाशामकांवर बंदी आली: 2006 मध्ये डायक्लोफेनॅक गेले, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक. बंदी योग्यच होती, गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम आहे म्हणून काम चालते. पण वेदना कमी करण्याचा आणखी एखादा मार्ग खरोखर चालतो का, हे तपासायला सरकारचे काय जाते?

पूरक उपचारांचे सरकारी संस्थांना वावडे आहे असेही नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दगडीसाठी (कासेच्या सुजेसाठी) कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम असा लेप गोठ्यागोठ्यात पोचवला. मला त्यात आवडते ते त्याचे मोजमाप: प्रमाण ठरलेले, लावायची रीत ठरलेली, त्यामुळे गुण आला की नाही ते पडताळता येते. सुयांनाही हीच शिस्त लावा.

आज शिकायचे तर अमेरिकेतल्या संस्थांकडे जावे लागते. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चर सोसायटी 1974 पासून आहे, फ्लोरिडातली ची युनिव्हर्सिटी (पूर्वीची ची इन्स्टिट्यूट) 1998 पासून. फी डॉलरमध्ये. तालुक्याच्या गावी गुरे बघणाऱ्याने ती कुठून भरायची? एका बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एका वरिष्ठांनी ‘चायनीज प्रकार’ म्हणून हसण्यावारी नेला. 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी पुढे ही विद्या भारतात आणली. ज्या नागपुरातून चोळकर गेले, तिथेच आज आपल्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे.

या विद्यापीठाने नोंदणीकृत पशुवैद्यकांसाठी परीक्षेसह छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा. परळ किंवा शिरवळच्या महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस ओपीडी ठेवावी. मागचे पाय गेलेली कुत्री आणि सांधे धरलेली म्हातारी जनावरे, एवढेच दोन गट घ्यावेत. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत सुया. चालण्याचे गुण अशा माणसाने द्यावेत ज्याला कोणाला सुया टोचल्या ते माहीत नाही. निकाल काहीही लागो, छापावा. सुया निरुपयोगी ठरल्या तर मी त्या बंद करीन आणि मालकांचे पैसे वाचतील.

माझ्याकडचे केसपेपर, मालकांची संमती घेऊन, द्यायला मी तयार आहे. विभागाने फक्त ते कोणाकडे द्यायचे तेवढे कळवावे.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत पशुवैद्यक
जि. सांगली