पोचपावतीवर गाडी पोचल्याची वेळही लिहायला लावा

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब, नमस्कार.

भिवंडीच्या गोदामांतून माल भरून हैदराबाद, नागपूर, रायपूरच्या खेपा करणाऱ्या चालकांपैकी मी एक. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांना तुमच्या खात्याने एसी केबिन सक्तीची केली, त्याबद्दल मनापासून आभार. आज मागणी आहे ती कागदाची. डिलिव्हरीत काही चुकलं की पैसे कापले जातात चालकाचे, मग चूक कुठेही झालेली असो.

आमच्या बाजूची काळजी आम्ही घेतो. गाडी हलण्याआधी बिल्टी (ट्रान्सपोर्टने दिलेली मालाची पावती), बिल आणि ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) तिन्हींवरचा गाडी नंबर ताडून बघायचा. गाडीच्या दाराला लावलेल्या सीलचा नंबर बिल्टीवर चढवून घ्यायचा, सीलचा फोटो काढायचा. ज्याला माल द्यायचा त्याला आदल्या दिवशी फोन करून गेट कुठलं ते विचारायचं. नव्या पोरांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, काय शेरा मारलाय ते वाचल्याशिवाय जागा सोडू नका. ‘४ नग कमी’ असं लिहिलेला कागद खिशात घालून निघालात, की त्या ४ नगांचे पैसे तुमच्याच नावावर पडतात.

पण बऱ्याच गोदामांत माल भरताना चालकाला आत उभंही राहू देत नाहीत. नग मोजतात त्यांची माणसं, सही मात्र आमची घेतात. सील शाबूत असताना आत माल कमी निघाला, तर तो चालकाने भरायचा हा कुठला न्याय?

उशिराचं तर विचारूच नका. भिवंडी ते हैदराबाद साधारण ७०० किलोमीटर. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ई-वे बिल ४ दिवस चालतं. गुरुवारी काढलेलं बिल सोमवारी मध्यरात्री संपतं. गाडी शनिवारी संध्याकाळी गेटवर लागते, रविवारी गोदाम बंद, सोमवारी आत जायचं टोकन येत नाही. मुदत वाढवायची सोय आहे, पण संपण्याच्या ८ तास आधी किंवा ८ तास नंतर एवढ्याच वेळात, आणि ते काम ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून व्हायचं. तिथे कुणी फोन उचलला नाही आणि गाडी तपासणीत सापडली, तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. ऑफिसात नंतर विचारतात, ‘तू वेळेत का पोचला नाहीस?’ शनिवारी पोचलो होतो हे दाखवायला आमच्या हातात एक ओळसुद्धा नसते.

पिन कोड किंवा गाडी नंबरात एक-दोन आकडे चुकले, तर ती किरकोळ चूक समजून १००० रुपये दंड घ्यावा, असं सप्टेंबर २०१८ च्या जीएसटी परिपत्रकात आहे. म्हणजे चूक-चुकीत फरक असतो हे सरकारने मानलं आहे. आमच्या पगाराच्या हिशेबात हा फरक कुणी करत नाही.

जीएसटी तुमच्याकडे नाही, हे मला कळतं. पण रस्ते मालवाहतूक कायदा २००७ तुमच्या खात्याचा आहे आणि त्याच्या कलम ९ प्रमाणे मालाची पावती, म्हणजे आमची बिल्टी, ठरलेल्या नमुन्यातच द्यावी लागते. त्या नमुन्यात एवढं वाढवा: माल उतरवायच्या गेटचं नेमकं ठिकाण, तिथल्या माणसाचा चालू फोन नंबर, सील नंबर, नग कुणी मोजले त्याची सही, गाडी गेटवर आल्याची वेळ आणि खाली झाल्याची वेळ. आल्याची वेळ गेटवरच्या माणसाने तेव्हाच लिहून द्यायची, माल उतरल्यावर नाही. आणि हे रकाने कोरे असतील, तर तूट किंवा उशिराचे पैसे चालकाकडून कापता येणार नाहीत, असा नियम करा.

जमलं तर नमुना ठरवण्याआधी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर अधिकारी पाठवा. कुठला रकाना कुठे हवा, ते आम्ही उभ्या उभ्या सांगू.

आपला,
एक ट्रकचालक