चि. प्राजक्तास: सिकलसेल आणि मेंदू

चि. प्राजक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र ऐन रोवणीत हाती पडले, म्हणून उत्तराला पंधरा दिवस लागले. प्रबंधाचा विषय ठरवण्याची मुदत जवळ आली आहे आणि तुला उंदरांच्या स्मरणशक्तीवर काम करायचे आहे, हे वाचून आनंद झाला. परंतु "सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे बाबा, माझा विषय मेंदू आहे," असे एक वाक्य तू त्यात सहज लिहून गेलीस. मला त्यावरच लिहायचे आहे, कारण लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या या आनुवंशिक आजाराबद्दल परवापर्यंत मीही तेच मानत होतो.

तुझ्या भावाच्या, रोहितच्या, हातापायांची बोटे सुजली तेव्हा तो दोन वर्षांचा नव्हता. तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात त्याला वाताचे औषध दिले गेले आणि आपण ते चार महिने इमानाने पाजले. आशाताईंनी हट्ट धरला नसता तर सिकलसेल ओळखणारी रक्ताची विद्राव्यता चाचणी आणि त्यानंतरची, खात्री करणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी झालीच नसती. त्याचा एसएस पॅटर्न निघाला, म्हणजे दोघांकडून दोष आलेला रुग्ण; तुझ्या आईचा आणि माझा एएस, म्हणजे आम्ही नुसते वाहक. तेव्हापासून घरात सिकलसेल म्हणजे थंडीत उठणारी सांधेदुखी, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, भरपूर पाणी आणि कधीतरी रक्ताची पिशवी, एवढेच ठरून गेले.

सातवीत त्याचे गणित बिघडले. एका पायरीचे उदाहरण तो सोडवी, दोन पायऱ्यांच्या उदाहरणात पहिल्या पायरीचे उत्तर हातात धरून ठेवणे त्याला जमत नसे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षे गणित शिकवतो आहे. अशा मुलांना मी आळशी म्हणत आलो आणि माझ्याच मुलाला त्याच शब्दाने दोन वर्षे बोललो. एकदा हातही उगारला. तुझ्या आईने तुला हे सांगितले नसेल.

गेल्या महिन्यात नागपूरला त्याचा एमआरआय झाला. दोन्ही बाजूंच्या पुढच्या भागात, खोल पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंत, जुने लहान ठिपके दिसले. हात लुळा पडला नाही, तोंड वाकडे झाले नाही, तरीही मेंदूचा थोडा भाग रक्ताविना मेला होता. डॉक्टर त्याला मूक झटका (सायलेंट स्ट्रोक) म्हणतात. सिकलसेल अ‍ॅनिमिया असलेल्या मुलांपैकी एक तृतीयांशांहून अधिक जणांना अठराव्या वर्षापर्यंत असा झटका येऊन गेलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले.

कारणही मी समजून घेतले. रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे प्राणवायूची तूट भरून काढण्यासाठी मेंदूच्या रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात आणि प्रवाह वाढलेला असतो. ताप आला किंवा हिमोग्लोबिन अचानक घसरले की आणखी रुंदावायला वाव उरत नाही, आणि दोन मोठ्या वाहिन्यांच्या हद्दीवरचा भाग सर्वांत आधी उपाशी राहतो. आपल्या धानाच्या बांधीचेही असेच असते. बोडीचे, म्हणजे शेततळ्याचे, पाणी कमी झाले की टोकाची बांधी आधी भेगाळते. नियोजन आणि लक्ष यांची कामे करणारे मार्ग नेमके त्या हद्दीतून जातात. आता सांग, हा विषय रक्ताचा की मेंदूचा?

मोठा झटका आधी ओळखण्याची युक्ती जुनी आहे. कवटीच्या बाजूला प्रोब धरून डॉप्लर यंत्राने मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर धोका मोठा असतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशी १३० मुले होती. नियमित रक्त दिलेल्या गटात एकाला झटका आला, दुसऱ्या गटात अकरा जणांना, आणि म्हणून ती चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. मूक झटक्यांबाबतही २०१४ मध्ये तशीच चाचणी प्रसिद्ध झाली; रक्त दिलेल्या ९९ मुलांपैकी ६ जणांच्या मेंदूला नवी इजा झाली, न दिलेल्या ९७ पैकी १४ जणांच्या.

पण दर महिन्याला रक्त कोठून आणायचे? हा प्रश्न आपल्यासारखाच उत्तर नायजेरियातल्या डॉक्टरांपुढे होता. त्यांनी वेग वाढलेल्या २२० मुलांना हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे तोंडाने घ्यायचे औषध दिले, निम्म्यांना वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम आणि निम्म्यांना २०. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की झटके रोखण्यात जास्त मात्रा कमी मात्रेहून सरस ठरली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनीही किलोमागे १० मिलिग्रॅमची मात्रा आपल्याकडच्या मुलांना देऊन २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता. मला हे संशोधन जनुक-संपादनाहून मोलाचे वाटते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेल्या कॅसजेव्ही उपचाराचे महत्त्व मी नाकारत नाही. रुग्णाच्याच मूळपेशींतील जनुकाचा एक खटका बदलून गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणे ही अद्भुत गोष्ट आहे. परंतु त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे आणि आपले धान साडेतीन एकर.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली, चंद्रपुरातही हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी संशोधन केंद्र झाले. रक्ताची तपासणी आता गावात होते. वर्गात मागे पडू लागलेल्या एसएस मुलाच्या मेंदूची शंका मात्र कोणाला येत नाही, आणि ज्या शाब्दिक चाचण्यांनी ती यावी, त्या झाडीबोली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी तयार झालेल्या नाहीत. आशाताईला वा शिक्षकाला दहा मिनिटांत घेता येईल अशी चाचणी बसवायची, ती एमआरआयशी ताडून पाहायची, हा प्रबंध होऊ शकतो की नाही ते तुझ्या मार्गदर्शकांना विचार. उंदरांचे काम तुला अधिक योग्य वाटले तर तेच कर. मी दुसऱ्यांदा एका लेकराचे म्हणणे न ऐकता निकाल देणार नाही.

रोहितचा वेग १७८ आला आहे, म्हणजे सीमेवरचा. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल सुरू झाली आहे, दर महिन्याला रक्तातल्या पेशी मोजायच्या आहेत, आणि दिवाळीनंतर पुन्हा डॉप्लर आहे. त्या दिवशी नागपूरला येता आले तर ये. सध्या मी त्याला प्रत्येक पायरीचे उत्तर वहीच्या कडेला लिहून ठेवायला सांगतो. काल त्याने अशी तीन उदाहरणे बरोबर सोडवली आणि चौथे उद्या करू म्हणाला. मी बरे म्हटले.

तुझे,
बाबा